एक दांडी

कमरेला बांधायचं आणि विसरून जायचं,
एवढंच सांगते मी लोकांना.
साबणाच्या डबीएवढं यंत्र, करडं,
दर चार सेकंदांनी हवेतल्या लहरी मोजतं,
दिवसाला एकवीस हजार सहाशे वेळा,
आणि त्याबद्दल कुणाशी बोलत नाही.

सोबत एक वही. किती वाजता कुठं होता, लिहा.
रकाने वर कानडीत, खाली मराठीत.
लोक लिहितात मधल्या चिंचोळ्या जागेत.

निपाणीच्या स्टँडसमोर मलिकजान बागवान,
दुकान हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढं,
अकरा फोन चार्जिंगला, डोक्यावर राउटर.
वाटलं होतं, याचा आलेख छताला टेकेल.
वहीत: "सकाळी ९ ते रात्री ९ दुकान. मध्ये नमाज. मध्ये चहा. चहा."
आलेखात: गवत.
खुरटं, गुरांनी खाऊन उरलेलं गवत.

वडगावात परशराम होनगेकर मास्तर,
घरासमोरच्या टॉवरविरुद्ध दोनशे सह्या गोळा केलेले.
त्यांनी यंत्र छातीशी धरलं, साक्षीदारासारखं,
चोवीस तास गच्चीवर बसले टॉवरखाली,
जेवण वर मागवलं.
आकडा आला इवलासा.
दिव्याखाली अंधार, म्हणाले माझे साहेब, आणि हसले;
तिरपा झोत लांब जाऊन पडतो, पायाशी नाही.
मास्तर म्हणाले, दुसरं मशीन आणा.
तो सह्यांचा कागद मी पाहिला आहे.
पहिली सही त्यांच्या बायकोची,
निळ्या शाईत, गोल अक्षरात.
ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली.
मी दुसरं मशीन नेऊन दिलं.

कोगनोळीच्या नाक्यावर, बसमध्ये,
पन्नास खिशांतले फोन एकदम हाका मारतात:
इथं कोण आहे, मला घ्या.
अर्धा मिनिट. मग गप्प.
झोपलेल्या कंडक्टरच्या आलेखात
तेवढंच एक कुसळ.

कणकुंबीच्या अलीकडं, फाट्यावरून आत,
द्रौपदी गुरव. तिला यंत्र कशाला, म्हणाले सगळे,
तिथं टॉवर नाही, रेंज नाही, मोजणार काय?
दिवसभर खरंच काही नाही.
विहीर, शून्य. काजूची झाडं, शून्य. देऊळ, शून्य.
आणि रात्री आठ बावन्नला
कागद फाडून वर जावा असा सुळका,
एकोणीस मिनिटं,
सगळ्या तालुक्यात सर्वांत उंच.
मी यंत्र तपासलं. बॅटरी तपासली. वही उघडली.
"गोठ्यामागं. दगडावर."

तिथंच तेवढी एक दांडी येते, तिनं दाखवलं.
डाव्या बाजूला वाकायचं, हलायचं नाही.
पोरगा वेर्ण्याला, कंपनीत. आठ पन्नासला त्याची जेवणाची सुट्टी.
टॉवर डोंगरापलीकडं, म्हणून हातातला फोन
जीव तोडून ओरडतो,
आणि तो ओरडा तिच्या कानाशीच.

मर्यादेच्या तरीही कितीतरी खाली आहे, मी सांगितलं.
मग छापील सल्ला वाचून दाखवला, तो वाचावाच लागतो:
बोलताना फोन शक्यतो लांब धरावा.
ती गोठ्याच्या मेढीला टेकली.
"लांब तर हाय की त्यो," म्हणाली,
"अजून किती लांब धरू?"

यंत्र परत घेतलं, पिशवीत टाकलं.
बंद करायचं राहून गेलं.
ते खानापुरात आल्यावर कळलं:
जांबोटीच्या अलीकडच्या उतारावर, नऊ चाळीसला,
एक सुळका, तिच्यापेक्षा थोडा बुटका.
पलीकडं कुणी उचललं नव्हतं. मी तीनदा लावला होता.

अहवालातून तेवढा भाग वगळला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
नोंदवही उपलब्ध नाही.